रात्री एक वाजता, सूर्य उत्तरेला

मंगळवार : हेलसिंकी आणि रात्रीची गाडी

हेलसिंकीत मी राहिले ती फक्त एका गाडीतून उतरून दुसऱ्या गाडीत चढण्यापुरती. भाचा स्टेशनवर घ्यायला आला होता. तो ओउलूला शिकतो, आणि फिनलंडमधल्या उन्हाळ्यात मावशी रिमोटवरचं मॉडेल हेलिकॉप्टर उडवायला येतेय ही बातमी त्याने वर्गात आधीच पसरवली होती. माझ्या हातातली पेटी बघून म्हणाला, "मावशी, एवढंच? मला वाटलं, मोठं असेल."

"अरे, मोठं आणलं असतं तर बॅटरी घरी ठेवून यावी लागली असती."

हे गमतीत बोलले, पण खरं होतं. ७०० वर्गाच्या (पाती साधारण ७०० मिलिमीटरची) मोठ्या हेलीला ६ सेलच्या, ५००० एमएएचच्या दोन बॅटऱ्या लागतात. २२.२ व्होल्ट गुणिले ५ म्हणजे एकेक १११ वॉट-अवरची. विमानात १०० वॉट-अवरपर्यंतच्या बॅटऱ्या हातातल्या सामानात नेता येतात. १०० ते १६० च्या मधली असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते, आणि तशा सुट्या बॅटऱ्या दोनच चालतात. म्हणून प्रवासाला मी ३८० वर्गाची हेली निवडली. तिची ६ सेलची, १८०० एमएएचची बॅटरी जेमतेम ४० वॉट-अवरची. टेलबूम, म्हणजे शेपटीची नळी, काढला की सगळं यंत्र एका पेटीत मावतं.

जाणाऱ्यांसाठी : लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटऱ्या चेक-इनमध्ये कधीच टाकू नका. प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत, कनेक्टरवर टेप, आणि सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास, म्हणजे अर्धवटच भरलेली. बॅटरीवरचं लेबल वाचता येईल असं ठेवा. तपासणीवाले पहिल्यांदा तेच शोधतात. रोटरची पाती आणि स्क्रूड्रायव्हर मात्र मोठ्या बॅगेत.

गाडी संध्याकाळी सुटली आणि संध्याकाळ संपेचना. अकराला खिडकीबाहेर तळी, बर्चची झाडं, लाल रंगाची लाकडी घरं सगळं स्पष्ट दिसत होतं. भाच्याने पडदा ओढला आणि डोळ्यांवर पट्टी बांधून दोन मिनिटांत झोपला. इथे राहणाऱ्यांना ते जमतं.

बुधवार : ओउलू

सकाळ कागदपत्रांची पुढची तपासणी करण्यात गेली. ती कंटाळवाणी असली तरी टाळून चालत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. युरोपीय संघात २५० ग्रॅमच्या वरचं रिमोटचं काहीही उडवायचं तर उडवणाऱ्याची नोंदणी लागते, आणि आपला क्रमांक यंत्रावर चिकटवावा लागतो. संघाबाहेरून येणाऱ्याने ज्या देशात पहिल्यांदा उडवायचं तिथे नोंदणी करायची. फिनलंडमध्ये हे काम ट्राफिकॉम ही सरकारी संस्था बघते. सोबत ४० प्रश्नांची ऑनलाइन परीक्षा असते. स्वतः जोडलेल्या हेलीला मग जमिनीपासून १२० मीटरची मर्यादा, कायम नजरेच्या टप्प्यात ठेवायची अट, आणि वस्तीपासून १५० मीटरचं अंतर. मॉडेल क्लबच्या मैदानावर क्लबचे नियम लागू होतात, ते आधी विचारून घ्यावेत. विमा विसरू नये.

आणखी एक गोष्ट ट्रान्समीटरची, म्हणजे हातातल्या रिमोटची. २.४ गिगाहर्ट्झवर युरोपात १०० मिलिवॉटची मर्यादा आहे. काही कंपन्यांच्या ट्रान्समीटरना युरोपसाठी वेगळं फर्मवेअर लागतं आणि रिसीव्हरलाही तेच टाकावं लागतं, नाहीतर दोघांची जोडणीच होत नाही. हे घरी, निवांत टेबलावर करायचं काम आहे.

संध्याकाळी सातला शहराबाहेरच्या मैदानावर पोचलो. कापलेल्या गवताची धावपट्टी, एक लाकडी खोपटं, आणि चहूबाजूंनी पाइनचं जंगल. वारा बराच होता. तिथे एक म्हातारबुवा फोल्डिंग खुर्चीवर बसले होते. कागद गिरणीत इलेक्ट्रिशियन होते, आता निवृत्त. त्यांच्यापुढे गवतावर एक जुनी, मिथेनॉल मिसळलेल्या इंधनावर चालणारी हेली होती, तीही फ्लायबारवाली. रोटरला आडवी दांडी आणि तिच्या टोकांना छोट्या पट्ट्या, असलं यंत्र मी खूप वर्षांनी पाहिलं. २०१० च्या आसपास हेली स्थिर ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक गायरोंनी ती दांडी जवळजवळ हद्दपार केली.

म्हातारबुवांनी थर्मासमधून कॉफी ओतली, कप पुढे केला आणि काहीच बोलले नाहीत. मी बोलायला सुरुवात करणार तेवढ्यात भाचा हळूच म्हणाला, "मावशी, राहू दे. ते बोलतील."

दुसऱ्या कपाला बोलले. जर्मनीच्या डीटर श्लूटरने १९७० च्या सुमाराला मॉडेल हेलिकॉप्टर खऱ्या अर्थाने ताब्यात आणलं, त्याच्याच किटवर ते शिकले होते. तेव्हा गायरो नव्हता; शेपूट सांभाळायचं काम अंगठ्याने करायचं. २.४ गिगाहर्ट्झच्या आधी, ३५ मेगाहर्ट्झच्या काळात मैदानावर एक फळी असायची. आपल्या चॅनेलचा कपड्याचा चिमटा फळीवरून काढून ॲन्टेनाला लावायचा, मगच ट्रान्समीटर चालू करायचा. चिमटा नसताना कुणी चालू केला की दुसऱ्याची हेली कोसळायची. त्यांनी त्यांचा ट्रान्समीटर माझ्या हातात दिला, मी बघून परत केला. त्यांचा मोड १, म्हणजे थ्रॉटल (ताकद कमी-जास्त करणारी दांडी) उजव्या हाताला. माझा मोड २. दुसऱ्याच्या मोडवर हेली उडवणं मला जमणार नाही हे त्यांना सांगावं लागलं नाही. ते हसले.

त्या संध्याकाळी मी उडवलंच नाही. म्हातारबुवांनी घड्याळ दाखवून, बोटाने बाराचा आकडा दाबून सांगितलं, उद्या ये. तेव्हा.

गुरुवार : ओउलू, मध्यरात्र

दिवसभर झोपायचा प्रयत्न केला. शहरातल्या बाजारपेठेत जाऊन नवे बटाटे, लोणी आणि शेपू आणला. इथे जूनमध्ये बोराएवढे नवे बटाटे उकडून त्यावर लोणी आणि भरपूर शेपू घालतात. सोबत तळलेले छोटे मुइक्कू मासे. लहानपणी शेपूची भाजी ताटात दिसली की उठून जाणारा माझा भाचा तिसऱ्यांदा वाढून घेत होता. मी काही बोलले नाही.

रात्री साडेदहाला मैदानावर. वारा पडला होता, आणि यामागे कारण आहे. दिवसा जमीन तापते, हवा वर उठते, झुळका येतात. रात्री सूर्य इतका खाली असतो की उजेड राहतो पण जमीन तापत नाही, हवा थर धरून बसते. हेलीसाठी याहून चांगली वेळ नाही. तापमान ८ अंशांवर आलं होतं. २८ अंशांच्या तुलनेत ही हवा सुमारे ७ टक्के दाट असते, आणि तो फरक कलेक्टिव्ह स्टिकवर, म्हणजे सगळ्या पात्यांचा कोन बदलणाऱ्या दांडीवर, कळतो. पिच, म्हणजे पात्यांचा कोन, तीच, पण हेली जास्त जोमाने उचलते.

थंडीचा दुसरा परिणाम बॅटरीवर. गार लिपोचा अंतर्गत रोध वाढतो, जोराच्या चढात व्होल्टेज एकदम खाली बसतं. भाच्याने बॅटऱ्या जॅकेटच्या आत, पोटाशी धरून ठेवल्या होत्या. हेली गाडीतून काढून लगेच चालू करू नये, हेही इथेच लक्षात घ्यावं लागतं. गायरोचे सेन्सर तापमान बदललं की सरकतात. बाहेर पाच-दहा मिनिटं ठेवून मग बॅटरी जोडली की शेपूट स्थिर राहतं.

आता सूर्याची गोष्ट. उत्तरेकडच्या मैदानांवर पायलट साधारण दक्षिणेकडे पाठ करून उभा राहतो, म्हणजे सूर्य मागे. मीही तशीच उभी राहिले. अकराच्या सुमाराला डाव्या डोळ्यात तिरीप यायला लागली. ओउलूचं घड्याळ सूर्याच्या बरंच पुढे आहे, त्यामुळे सूर्य सगळ्यात खाली असतो तो बाराला नव्हे, रात्री सव्वाएकच्या पुढे. तेव्हा तो थेट उत्तरेला असतो, क्षितिजाच्या दीड अंश खाली. तो मावळतो बारानंतर आणि साधारण दोन तासांत परत येतो, पण मधल्या वेळात उत्तरेचं आकाश लखलखीत नारिंगी असतं. त्या आकाशापुढे हेली गेली की नुसती काळी आकृती. नाक आपल्याकडे आहे की शेपूट, कळत नाही. आणि हेलीत ते कळलं नाही तर दीड-दोन सेकंदांत खेळ संपतो.

म्हातारबुवा मात्र निवांत. साडेअकराला ते उठले, खुर्ची उचलली आणि धावपट्टी ओलांडून पलीकडे जाऊन बसले. म्हणजे आता तोंड दक्षिणेला, पाठ उजेडाला. गाड्या त्यांनी आम्हाला आल्या आल्या धावपट्टीच्या पश्चिम टोकापलीकडे का लावायला लावल्या, ते तेव्हा उमगलं. दोन्ही बाजूंनी उडवता यावं म्हणून. मीही पेटी उचलून त्यांच्या मागे गेले.

पलीकडून पाहिलं तर दक्षिणेचं आकाश निळसर करडं, आणि माझ्या हेलीची पिवळी-नारिंगी कॅनोपी (पुढचं कवच) त्यावर दिव्यासारखी. उजेड आडवा येत असल्याने पात्यांच्या चकतीची कड चमकत होती, आणि तिचा कल अगदी बारीक बदलला तरी दिसत होता. दिवसाच्या उन्हात हे कधीच दिसत नाही. मिनिटाला २६०० फेऱ्यांवर माझ्या हेलीच्या पात्याचं टोक ताशी ४२० किलोमीटरच्या आसपास फिरतं. त्या वेगाचा रंग मी त्या रात्री पहिल्यांदा पाहिला.

मग ऑटोरोटेशन. थ्रॉटल होल्ड मारायचा, मोटर बंद, खाली येताना हवेनेच पाती फिरत ठेवायची आणि जमिनीजवळ साठवलेला वेग पिचने खर्च करून टेकायचं. वारा असला की समोरच्या वाऱ्याची मदत होते, पुढचा वेग लवकर मरतो. त्या रात्री वारा शून्य. हेली फ्लेअर देऊनही, म्हणजे नाक वर करूनही, पुढे घसरतच राहायची. उंची जास्त ठेवून, फ्लेअर लांबवून बसवावं लागलं. शांत हवेत सगळं सोपं होतं असं नाही.

एक कायद्याची मजा. युरोपच्या नियमात रात्री उडवताना हिरवा लुकलुकणारा दिवा लागतो. पण रात्र म्हणजे काय? संध्याकाळचा नागरी संधिप्रकाश संपल्यापासून सकाळचा सुरू होईपर्यंत, म्हणजे सूर्य क्षितिजाखाली ६ अंशांच्या पलीकडे असतो तेवढा वेळ. ओउलूत जूनच्या शेवटी तो दोन अंशांच्या खाली जातच नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तिथे त्या दिवसांत रात्र नसतेच. भाचा म्हणाला, "मग मी पहाटे तीनला झोपलो तरी रात्री उशिरा झोपतोस असं आईला म्हणता येणार नाही."

दोनच्या सुमाराला माझे अंगठे दमले. उजेड भरपूर होता, वारा नव्हता, बॅटऱ्या गाडीच्या १२ व्होल्टवर पुन्हा भरून तयार होत्या, आणि तरी मी खाली बसले. एका उड्डाणाला चार-पाच मिनिटं, पण त्या मिनिटांत डोळे आणि बोटं पूर्ण खर्च होतात. अंधार पडला की माणूस आपोआप थांबतो; इथे थांबायचं स्वतः ठरवावं लागतं. तेव्हापासून मी फोनमध्ये झोपायचा गजर लावला, आणि जाणाऱ्यांनाही तेच सांगेन. थकलेल्या हाताने उडवलेली हेली जमिनीत जाते, मग आकाश कितीही उजळ असो.

शुक्रवार : रोवानिएमीवरून सोदानक्यूला

ओउलू ते रोवानिएमी सव्वादोनशे किलोमीटर, तिथून सोदानक्यूला अजून १३०. रस्त्यावर रेनडिअर येतात, आणि ते गाडीला घाबरत नाहीत. एक दिसला की मागे आणखी असतात, वेग कमीच ठेवा.

रोवानिएमीच्या उत्तरेला सांताक्लॉजचं गाव आहे, तिथे जमिनीवर आर्क्टिक वृत्ताची रेघ रंगवलेली आहे. लोक एक पाय इकडे एक तिकडे ठेवून फोटो काढतात. खरं आर्क्टिक वृत्त एका जागी नसतं. पृथ्वीच्या आसाचा कल सावकाश कमी होतोय, त्यामुळे ते दरवर्षी साधारण १४-१५ मीटर उत्तरेला सरकतं. रेघ बिचारी जागेवरच. इथे पेटी उघडायचा प्रश्नच नव्हता : गर्दी, आणि जवळच विमानतळ, जिथे फिनिश हवाई दलाचा तळही आहे. उडवायच्या आधी हवाई क्षेत्राचा नकाशा बघायचाच, कारण उत्तरेत माणसं कमी असली तरी आकाश मोकळं आहे असं नाही.

त्या दिवशी युहान्नुसची पूर्वसंध्या होती. फिनलंडमधला उन्हाळ्याचा सगळ्यात मोठा सण. जाणाऱ्यांनी खाणंपिणं आदल्या दिवशीच घेऊन ठेवावं. दुकानं लवकर बंद होतात आणि शहरातली माणसं तळ्याकाठच्या केबिनमध्ये निघून जातात. सोदानक्यूलाला नदीकाठी मोठी होळी रचलेली होती, फळ्या आणि फांद्यांची, माणसाच्या दुप्पट उंच. पण पेटली नाही. बरेच दिवस पाऊस नव्हता, जंगलाच्या वणव्याचा इशारा लागू होता, आणि इशारा असताना उघड्यावर आग लावायला बंदी. लोक न पेटलेल्या ढिगाऱ्याभोवती शांतपणे उभे होते, कॉफी पीत होते, पोरं पळत होती. कुणी तक्रार करत नव्हतं. एका बाईंनी मला भाजलेल्या चीजचा तुकडा दिला, वर केशरी क्लाउडबेरीचा मुरंबा. चावताना ते चीज दातांत करकरतं. दुसरा तुकडा मी मागून घेतला.

वणव्याचा इशारा आम्हालाही लागू होता. आपटलेल्या हेलीची लिपो फुटली तर ती पेटते, आणि वाळलेल्या शेवाळावर पेटली तर पुढचं सांगायला नको. तेव्हापासून गाडीत वाळूची बादली, अग्निरोधक पिशवी आणि चार्जिंग फक्त दगडी पायरीवर.

शनिवार : इनारीच्या वाटेवर

रात्री थोडा पाऊस झाला, सकाळी इशारा उठला. आम्ही उत्तरेला गेलो. इनारीजवळ एक केबिन घेतली होती. मालकीणबाईंना हेली दाखवून त्यांच्या गवताच्या शेतात उडवू का विचारलं. फिनलंडमध्ये कुठेही चालायचा, बेरी तोडायचा हक्क सगळ्यांना असला तरी दुसऱ्याच्या शेतातून उड्डाण करायला विचारणंच बरं. त्या म्हणाल्या, "उडवा, पण त्या टोकाला कर्ल्यू पक्ष्याचं घरटं आहे, तिकडे नको." शेत केबिनपासून चालत पंधरा मिनिटांवर होतं.

इथे सूर्य मावळतच नाही. रात्री सव्वाएकला तो उत्तरेच्या टेकडीवर अडीच अंशांवर टेकल्यासारखा होता. आणि मला एक नवीनच अडचण कळली. दिवसा हेली उतरवताना नजर नकळत सावलीकडे असते. सावली आणि स्किड (हेलीचे खालचे पाय) जवळ आले की जमीन आली. अडीच अंशांवर सावली उंचीच्या वीसपटीहून लांब पडते. हेली दोन मीटरवर असताना तिची सावली चाळीस मीटरच्याही पलीकडे गवतात कुठेतरी. उंची मापायची सवयच निरुपयोगी. मी शेवटच्या मीटरला फक्त स्किडकडे बघत सावकाश उतरवायला लागले.

आणि डास. त्यांच्याबद्दल ऐकलं होतं, पण इथली गंमत अशी की हेली उडवताना दोन्ही अंगठे स्टिकवर असतात. डास कपाळावर बसतो, नाकावर बसतो, सावकाश जागा निवडतो, आणि तुम्ही नोज-इन हॉवरमध्ये असता, म्हणजे हेली नाक तुमच्याकडे करून एका जागी तरंगत असते. तोंडावर जाळी घातली तर समोरचं धुरकट दिसतं. शेवटी भाचा मागे उभा राहून बर्चची फांदी हलवत होता.

"मावशी, याचे पैसे मिळतात का?"

"याचं हॉवर मिळतं. ये इकडे."

त्याने सिम्युलेटरवर महिनाभर सराव केला होता, त्यामुळे हातात ट्रान्समीटर देताना मला फारशी धास्ती नव्हती. स्टिकची तीव्रता निम्म्यावर आणली, हेली आपोआप सावरणारं रेस्क्यू बटण माझ्या बोटाखाली ठेवलं. हेली गवतावरून उठली, डावीकडे सरकली, परत आली आणि डोक्याच्या उंचीवर थांबली. अर्धा मिनिट. मी फांदी हलवत होते. तेवढ्यात कुंपणाजवळ रेनडिअरचा कळप आला, माद्यांसोबत त्यांची या वर्षीची पिल्लं होती. "उतरव," एवढंच म्हटलं. त्याने उतरवली, जरा आदळूनच, पण सरळ. लॅपलंडमधले सगळे रेनडिअर कुणाच्या ना कुणाच्या मालकीचे असतात, आणि पिल्लांची कळपातून फाटाफूट झाली तर मालकाचं नुकसान होतं. कळप पाऊण तास शेतातच चरत राहिला. आम्ही पेटी बंद केली.

रविवार : इवालो

सकाळी बॅटऱ्या ३.८ व्होल्टवर आणल्या. चार्जरचा डिस्चार्ज फार हळू चालतो, म्हणून ज्या भरलेल्या राहिल्या होत्या त्या शेतात दोन-दोन मिनिटांच्या साध्या हॉवरने रिकाम्या केल्या. घाईच्या दिवशी हाच मार्ग धरावा, आणि विमानाच्या आदल्या रात्री सगळ्या पूर्ण भरू नयेत.

इवालोचा विमानतळ छोटासा आहे. तपासणीच्या पट्ट्यावर पेटी उघडली तेव्हा तिथला माणूस बराच वेळ रोटरचं डोकं बोटाने फिरवून बघत होता. मग एकेका बॅटरीचं लेबल वाचून म्हणाला, ठीक आहे, आणि विचारलं, ही शिकायला किती दिवस लागतात. मी भाच्याकडे बोट दाखवलं. तो काचेपलीकडे उभा होता आणि फोनवर जुन्या ३८० च्या किमती बघत होता. त्याला आधी लहान, तळहाताएवढी घ्यायला सांगितलं होतं. ऐकेल असं वाटत नाही.